जग बुडायला अजून वेळ आहे

अ‍ॅलिस्टरने गुलाब पुढे केला आणि लाईट गेली.

२०११ चा उन्हाळा होता. नाशिकच्या घरी भारनियमनाचं वेळापत्रक आम्ही पेपरातून कापून फ्रिजवर चिकटवलं होतं, पण लाईट काही ते वाचून जायची नाही. मॉनिटर काळा झाला, पंखा घरघरत थांबला आणि धाकटा भाऊ अंधारातून म्हणाला, “ताई, जमलं का?” जमलं नव्हतं. शेवटचं सेव्ह तळावर परतण्याच्या बरंच आधीचं होतं. म्हणजे ती लढाई पुन्हा, ती पायपीट पुन्हा आणि मग शेकोटीजवळ जाऊन त्याची तीच विचारपूस पुन्हा. लाईट आल्यावर मी ते सगळं मुकाट्याने केलं. एरवी हरलेली लढाई परत खेळायचा मला एवढा कंटाळा, की भावाच्या हाती माउस देऊन मी चहा टाकायला उठत असे. त्या रात्री उठले नाही.

पुढच्या पानांवर ज्यांनी लिहिलं आहे त्यांना असल्या रात्री नव्याने समजावून सांगायला नकोत. ज्यांना हे काय प्रकरण आहे याची कल्पना नाही, त्यांच्यासाठी ही प्रस्तावना.

रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, हा ऐसपैस खेळ असतो. तुम्ही एक माणूस घडवता आणि त्याला किंवा तिला घेऊन चाळीस, साठ, शंभर तास एका कथेत वावरता. कथा बहुधा एकच असते: काहीतरी भयंकर जागं झालंय, जग बुडणार आहे, आणि ते वाचवायला तुमच्याशिवाय कोणी मोकळं नाही. वाटेत सोबती भेटतात. कोणी तिरंदाज, कोणी चेटकीण, कोणी घरातून हाकललेला सरदारपुत्र. लढाईत ते तुमच्या बाजूने लढतात, चालताना आपसांत कुजबुजतात, आणि रात्री तळावर शेकोटीभोवती आपापल्या जागी उभे राहतात. तिथे जाऊन त्यांच्याशी बोलता येतं. बोलता बोलता त्यांच्यातल्या एखाद्याशी जुळतं. खेळणारे याला सरळ ‘रोमान्स’ म्हणतात आणि मराठीत त्याचं क्रियापदही करून टाकतात: “या वेळी कोणाला रोमान्स केलंस?”

लक्षात घ्या, जग बुडतंय. राक्षसांच्या फौजा सीमेवर आल्या आहेत. आणि आपण तासभर यावर खल करतोय की चेटकिणीला चांदीची साखळी द्यावी की सोन्याचा आरसा. खेळ मात्र सभ्यपणे थांबून राहतो. फौजा सीमेवर तिष्ठत असतात, आपण हो म्हणेपर्यंत पुढे सरकत नाहीत. गोड गोष्टींसाठी जगाचा शेवट पुढे ढकलण्याची ही सोय दुसऱ्या कुठल्या कलाप्रकारात नाही. कादंबरी पान उलटायला लावते, नाटकाचा पडदा ठरल्या वेळी पडतो. इथे पडद्याची दोरी आपल्या हातात असते आणि आपण ती सोडून गप्पा मारत बसतो. माझ्या मते सगळी मजा या उनाडपणात आहे.

या उनाडपणाखाली मात्र काटेकोर हिशेब असतो. १९९७ च्या फायनल फँटसी ७ मध्ये गोल्ड सॉसर नावाच्या जत्रेत एका रात्री नायक क्लाउडच्या दारावर टकटक होते आणि कोणीतरी त्याला फिरायला घेऊन जातं. कोण येणार हे आधीच्या कित्येक तासांत तुम्ही काय काय बोललात यावर ठरतं. खेळ पाठीमागे गुपचूप खातं ठेवतो. त्या खात्यात सोबत्यांपैकी एअरिथची सुरुवात ५० गुणांनी होते, टिफाची ३० ने, यूफीची १० ने आणि बॅरेटची शून्याने. बॅरेट हा एका हाताच्या जागी बंदूक बसवलेला, आवाजाने खोली हलवणारा आडदांड गडी. तुम्ही दोघीतिघींशी पुरेसं तुटक वागलात, तर पाळण्यातून आतषबाजी बघायला तुमच्या शेजारी तोच येऊन बसतो, आणि त्यालाही ते फारसं रुचलेलं नसतं. काही जण मुद्दाम, अभ्यास करून, त्या सगळ्यांशी तुसडेपणाने वागतात ते केवळ या एका सहलीसाठी. हा गंभीर संशोधनाचा विषय आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

सोबत्यांशी जुळण्याची आजची रीत मात्र पडली ती कॅनडात. एडमंटन शहरात १९९५ साली बायोवेअर ही कंपनी निघाली. काढणारे होते डॉक्टर, अगदी वैद्यकीचं शिक्षण घेतलेले. त्यांचा बाल्डर्स गेट २ आला २००० साली. त्यात नायक पुरुष असेल तर तिघी होत्या: नवऱ्याच्या मरणाचं दुःख गिळून लढणारी जाहिरा, पंख कापले गेलेली आणि सर्कशीत ठेवलेली एअरी, आणि जमावाने जाळायला बांधलेली विकोनिया. नायिका असेल तर एकटा अनोमेन, ज्याच्या फुशारक्या ऐकून बऱ्याच जणींनी जग वाचवण्यात लक्ष घातलं. बोलणी घड्याळावर चालत. ठरावीक वेळ गेला की ती व्यक्ती आपणहून विषय काढी. मग तुम्ही भुयारात असा की थडग्यांच्या मधोमध. आतल्या कोडमध्ये ‘लव्हटॉक’ नावाचा एक आकडा पुढे सरकत असे आणि त्याच्या शेजारी दुसरा एक निकाल सांगणारा: १ म्हणजे चालू आहे, २ म्हणजे जमलं, ३ म्हणजे मोडलं. कांदेपोह्यांनंतर मध्यस्थ फोनवर जे तीन निरोप देतो, ते तिथे तीन आकड्यांत होते.

पुढे हिशेब उघड्यावर आला. २००९ च्या ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये प्रत्येक सोबत्याच्या नावापुढे त्याच्या मर्जीची पट्टीच दिसते, उणे १०० पासून अधिक १०० पर्यंत. बरं वागलात, चार गुण वर. नको ते बोललात, सात खाली. शिवाय भेटवस्तू. कुत्र्याला हाडं आवडतात. स्टेन नावाच्या धिप्पाड, अबोल योद्ध्याला चित्रं आवडतात, हे कळल्यावर मी अर्धा दिवस नुसती हसत होते. आणि एकाच व्यक्तीला भेटींवर भेटी देत राहिलात तर प्रत्येक पुढच्या भेटीचा भाव उतरत जातो, जे अनुभवी माणसांना खेळ न खेळताही माहीत असतं.

माझ्या भावाचं जमवायचं होतं मॉरिगनशी. ही रानात वाढलेली चेटकीण, जिभेने धारदार. गरिबाला मदत करणं तिला मूर्खपणाचं वाटतं. कोणाचा हरवलेला पोरगा शोधून द्या, ही पट्टी खाली. आता भाऊ स्वभावाने असा, की गेममधल्या भिकाऱ्यालाही नाही म्हणता येत नाही. सुरुवातीला तो पुण्य करी आणि मग घाईघाईने दागिना आणून तिची समजूत काढी. घरोघरी भांडणानंतर सराफाकडे जातात तसं. मग त्याला एक युक्ती सापडली. जे सोबती तळावर राहतात त्यांना वाटेतली बहुतेक कामं कळतच नाहीत. तेव्हापासून चांगली कामं करायची असली की तो मॉरिगनला तळावर ठेवी आणि दमदाटी, लुटालूट असली की बरोबर नेई. प्रेयसीच्या नकळत, चोरून, दानधर्म. मी त्याला म्हटलं, “अरे, लोक हे उलटं करतात.”

मला अ‍ॅलिस्टर आवडला तो बावळट आहे म्हणून. याच गेममधला सोबती, राजघराण्याशी नातं असलेला, चीजचा शौकीन, दर दोन वाक्यांत स्वतःवर विनोद करून खरं बोलणं टाळणारा. तो गुलाब त्याने लोदरिंगमध्ये खुडलेला असतो, लवकरच बेचिराख होणाऱ्या गावात. पण देताना सरळ देईल तर शप्पथ. तुम्ही चेष्टा केलीत, की हे काय तुझं नवं शस्त्र, तर तो तीच चेष्टा पुढे ओढतो, आणि मग कुठे दोन वाक्यं धडपणे बोलतो. त्या दोन वाक्यांसाठी मी लढाई पुन्हा लढले होते. जुन्या संगीत नाटकांत एका पदाला तीन-तीन ‘वन्स मोअर’ येत. मागच्या सेव्हवर जाऊन तोच प्रसंग पुन्हा बघणं हा त्याचाच प्रकार. फरक एवढाच की इथे गाणाऱ्याचा घसा बसत नाही.

त्याच तळावर विन नावाची एक वयस्क जादूगारीण असते. अ‍ॅलिस्टरशी तुमचं काहीतरी चाललंय हे ती बरोबर ओळखते, बाजूला घेते आणि चार शब्द सुनावते: तुमच्या खांद्यावर जबाबदारी काय, तुम्ही करताय काय. वाड्यातल्या काकू जिन्याखाली गाठून जसं बोलत, अगदी तसं. मला तेव्हा खरंच मान खाली घालावीशी वाटली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, समोर एक काच होती, काचेत एक आजीबाई होत्या, आणि माझे कान गरम झाले होते. या लाजेला खोटं म्हणायची माझी तयारी नाही. आकड्यांचा खेळ ठाऊक असूनही ती येते, कारण आकडा एकीकडे असतो आणि कोणीतरी मन लावून लिहिलेलं वाक्य दुसरीकडे. लिहिणारा चांगला असला की पट्टी डोळ्यांसमोर असून दिसेनाशी होते.

लिहिणारा चांगला नसला की उरतं ते वजनाचं मशीन: नाणं टाका, तिकीट बाहेर. तसले रोमान्सही ढिगाने आहेत आणि या पुस्तकातल्या दोघांनी त्यांची बाजू घेतली आहे. मी घेणार नाही.

ड्रॅगन एजच्या पुढच्या भागांत एक सोय आली, जी प्रत्यक्ष आयुष्यात असती तर आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावरचे निम्मे गैरसमज टळले असते. बोलायच्या पर्यायांपुढे बदामाचं चिन्ह येऊ लागलं. बदाम असेल ते वाक्य लाडीगोडीचं. नसेल ते साधं. आमच्याकडे एकाने “तुझ्या नोट्स देशील का?” एवढंच विचारलं होतं आणि त्यावर कँटीनमध्ये तीन आठवडे चर्चा झाली, कारण त्यात बदाम होता की नव्हता हे शेवटपर्यंत कळलं नाही.

बदाम असूनही घोळ घालणारी एक बाई मात्र २०१४ च्या ड्रॅगन एज: इन्क्विझिशनमध्ये आहे, आणि तिच्यासाठी मी जरा थांबणार आहे. कॅसँड्रा. गालावर व्रण, कमरेला तलवार, बोलणं हुकूम सोडल्यासारखं. पहिल्यांदा भेटते ती तुम्हाला कैदी म्हणून दरडावत. काही तासांनी किल्ल्याच्या आवारात तुम्ही सहज तिच्याकडे जाता तर ती हातातलं पुस्तक पटकन लपवते. ते असतं व्हॅरिक या सोबत्याने लिहिलेल्या एका प्रेमकथा-मालिकेचं. व्हॅरिकचं स्वतःचं त्या मालिकेबद्दलचं मत फार वाईट. पण कथा ऐन रंगात अर्धवट राहिली आहे, आणि पुढे काय झालं या काळजीने ही रणरागिणी व्याकूळ आहे. तुम्ही व्हॅरिकला गळ घालता, तो कपाळाला हात लावतो आणि पुढचं प्रकरण लिहून देतो. ते हातात पडल्यावर कॅसँड्राचा चेहरा बघावा. रहस्यकथाकार अर्नाळकरांचं पुढचं पुस्तक वाचनालयात कोणाच्या हाती आधी पडतं यासाठी धावणाऱ्या पिढीला तो चेहरा ओळखीचा वाटेल. पुढे नायकाने तिच्यासमोर बदामवालं वाक्य टाकलंच, तर ती स्पष्ट सांगते की तिला सगळं साग्रसंगीत हवं: फुलं, मेणबत्त्या, कविता. आणि तो ते सगळं करतो. झाडीत मेणबत्त्या लावून कविता वाचतो. भूत-पिशाच्चं मोकाट सुटलेली असताना.

प्रेक्षकांच्या हट्टाने कथा वळल्याचं उदाहरण द्यायचं तर गॅरस. मास इफेक्ट आला २००७ साली. अंतराळयानाची कप्तान शेपर्ड (बाई की बुवा, हे आपण ठरवायचं), आणि तिच्या हाताखाली गॅरस व्हकारियन: ट्युरियन जातीचा, तोंडाला कडक कवच, बोटं तीनच, पूर्वाश्रमीचा पोलीस. त्या भागात त्याच्याशी मैत्रीच होती. खेळणाऱ्यांना ती पुरेना. त्यांनी एवढा धोशा लावला की २०१० च्या दुसऱ्या भागात लेखकांनी गॅरसची वाट शेपर्ड-बाईंसाठी मोकळी केली, आणि शेपर्ड-बुवांसाठी कायम मुखवट्याआड असलेल्या टालीची. (पहिल्या भागातल्या एका काळोख्या प्रेमप्रसंगावरून अमेरिकेतल्या एका वृत्तवाहिनीने जानेवारी २००८ मध्ये मोठी आरडाओरड केली होती. चर्चेतल्या तज्ज्ञ बाईंनी गेम खेळलेला नव्हता. चालायचंच.)

गॅरसच्या प्रकरणाइतकं अवघडलेलं प्रेम मी कुठल्या गेममध्ये पाहिलेलं नाही, आणि म्हणूनच ते सर्वांत उत्तम. तो शूर आहे, नेम अचूक आहे, पण या विषयावर आला की शब्द सापडत नाहीत. मी जरा अभ्यास करतो, म्हणतो. थोडं संगीत शोधून ठेवतो, म्हणतो. यानावरचे शास्त्रज्ञ मॉर्डिन सोलस यांना हे आपोआप कळतं, आणि ते शेपर्डला दोन भिन्न जातींच्या शरीरांबद्दल आरोग्यविषयक सूचना देतात: कातडी खरचटेल, अ‍ॅलर्जी येईल. सगळं एका दमात, कुटुंबनियोजनाच्या सरकारी माहितीपत्रकाच्या सुरात. अखेर निर्णायक मोहिमेआधी गॅरस वाइनची बाटली घेऊन कप्तानांच्या खोलीत येतो आणि कौतुक म्हणून काय बोलावं ते न सुचून तिच्या केसांबद्दल आणि कमरेबद्दल काहीतरी वेडंवाकडं बोलतो. त्याच्या जातीत कदाचित तो मोठा मान असेल. ते ऐकून मी खुर्चीतून घसरले होते. कोणाही देखण्या नायकाच्या घोटीव संवादांनी मला कधी इतकं हरवलं नाही.

हे खेळ दुसऱ्या बाजूनेही गंमत करतात. मास इफेक्टच्या याच भागात कप्तानांच्या टेबलावर मागच्या खेपेच्या प्रियकराचा फोटो असतो. तुम्ही नवीन कोणाशी जमवलंत, तर तो फोटो पालथा पडलेला दिसतो. कोणी काही बोलत नाही. २०१५ च्या द विचर ३ मध्ये मात्र बोलतात. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा हा गेम. त्यात नायक गेराल्टने ट्रिस आणि येनिफर दोघींनाही शब्द दिला असेल, तर त्या दोघी मिळून त्याला एका खाणावळीच्या वरच्या खोलीत बोलावतात. तो मोठ्या उमेदीने जातो. त्याला पलंगाला जखडून दोघी निघून जातात. संशयकल्लोळाचा शेवट सहसा समेटाने होतो, इथे बेड्यांनी झाला.

आणि लग्नानंतर काय, हा प्रश्न पडणाऱ्यांसाठी २०११ चा स्कायरिम आहे. तिथे मारा देवीचा ताईत गळ्यात घालून फिरायचं. पात्र मंडळी स्वतःच विषय काढतात. रिफ्टनच्या देवळात लग्न लागतं. त्यानंतर जोडीदार रोज एकदा घरचं जेवण देतो आणि छोटंसं दुकान चालवून रोज शंभर नाणी तुमच्या हातावर ठेवतो. प्रेमाची एक ओळ धड लिहिलेली नाही, पण इतकी सुखी लग्नं मी गेममध्ये क्वचित पाहिली.

आज या विषयाला वाचक मिळताहेत ते बरेचसे बाल्डर्स गेट ३ मुळे. बेल्जियममधल्या गेंटच्या लॅरियन स्टुडिओजचा हा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्याच्या महिनाभर आधी कंपनीने थेट प्रक्षेपणात अस्वलाचं रूप घेणाऱ्या हॅलसिनचा एक प्रसंग दाखवला, जो बघून पडद्यावरच्या खारीच्या हातातलं फळ गळून पडतं. आमच्या ग्रुपवर त्या रात्री झोपलं कोणी नाही. गेम आला तेव्हा सगळे सोबती जरा जास्तच उतावीळ निघाले. दोन दिवसांच्या ओळखीवर गेल नावाचा जादूगार डोळ्यांत बघून बोलू लागला. पुढे लॅरियनचे प्रमुख स्वेन विंके यांनीच सांगितलं की मर्जीचे आकडे चुकून खालचे ठेवले गेले होते. आकडे दुरुस्त झाले आणि मंडळी मर्यादेत आली. भाऊ अजून म्हणतो, “दुरुस्त करायला नको होतं.”

त्यातली कार्लाक मला विशेष. तिच्या छातीत हृदयाच्या जागी नरकातलं एक इंजिन बसवलंय. अंग इतकं तापलेलं की तिला कोणी हात लावू शकत नाही. अशी दहा वर्षं. आणि स्वभाव मात्र दिसेल त्याला मिठी मारणारा. तुम्ही लोखंड शोधून आणता, डॅमन लोहार दोनदा दुरुस्ती करतो, आणि मग तिला माणसाला हात लावता येतो. त्या क्षणी तिला जो आनंद होतो तो एखाद्या लहान मुलाला पहिल्या पावसात होतो तसला, उड्या मारणारा. बदामाची वाक्यं नंतर येतात. आधी नुसता स्पर्श. इतक्या गंभीर कल्पनेवर इतका हलका हात ठेवायला लेखकाला धाडस लागतं.

या संग्रहात कोणी बाल्डर्स गेट ३ मधल्या ॲस्टेरियनवर लिहिलंय, कोणी टालीवर, एकाने तर बॅरेटवर. भाषा सगळ्यांनी आपली वापरली आहे: त्याच गेममधली शॅडोहार्ट ‘आधी भाव खाते’, लेझेल ‘आधी तलवार काढते, मग बोलते’, अनोमेनचं ‘फिसकटलं तेच बरं’. संपादकांनी ती भाषा सरळ केली नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे. एकच सूचना: कोणाचा शेवट कोणाबरोबर झाला हे लेखांत उघडपणे सांगितलं आहे. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी जपून पानं उलटावीत.

माझ्या कॉम्प्युटरवर मास इफेक्ट २ चं एक जुनं सेव्ह आहे. गॅरसला माझं विचारून झालंय, तोही हो म्हणालाय, आणि ओमेगा ४ रिलेच्या पलीकडे जायची ती निर्णायक मोहीम अजून सुरू केलेली नाही. सुरू केली की तो बाटली घेऊन येणार, तेच वेडंवाकडं बोलणार, आणि मग युद्ध. तेव्हा मी महिन्यातून एकदा ते सेव्ह उघडते, लिफ्टने खाली जाते, तो तोफांपाशी उभा असतो. मी विचारते, वेळ आहे का? तो म्हणतो, आत्ता नाही, मोजमापं जुळवतोय. मी बरं म्हणते आणि वर येते.